बचत कोणाची?

(माधवनगर येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

तत्त्वज्ञानाच्या माणसानं छपरावर काय बोलायचं, असं तुम्हाला वाटेल. पण आज मी एका सरकारी पुस्तिकेवर बोलणार आहे. तिचं नाव 'इको निवास संहिता'. ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, आणि या संहितेचा पहिला भाग आला डिसेंबर 2018 मध्ये.

आधी तिचं श्रेय देऊ. यंत्रं नंतर, आधी भिंत, खिडकी आणि छप्पर बघा, असं ती सांगते. भिंती-खिडक्यांतून दर चौरस मीटरला सरासरी 15 वॅटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये, अशी मर्यादा ती घालते. छपराची मर्यादा वेगळी. 'घर फार तापतं हो' ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची तक्रार. तिला पहिल्यांदा आकडा मिळाला. ही लहान गोष्ट नाही.

आता आक्षेप. पहिला सोपा आहे. हा पहिला भाग 500 चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांसाठी, आणि मुख्यतः नव्या बांधकामासाठी. म्हणजे जवळपास पाच गुंठे! आपल्या गल्लीत पाच गुंठ्यांत किती बिऱ्हाडं राहतात, मोजा. कौलं काढून पत्रा घातलेलं घर, माळवद पाडून टाकलेला स्लॅब, यंत्रमागाच्या शेडला लागून असलेली खोली. यातलं काहीच तिच्या नजरेत येत नाही. ही घरं तर बांधून झालीत. ती पाडायची नाहीत, सुधारायची आहेत.

दुसरा आक्षेप खोलवरचा आहे. संहिता मोजते उष्णता, पण तिचं समर्थन होतं विजेच्या बचतीनं. आता दोन घरं घ्या. एकात एसी आहे. छपराला पांढरा लेप दिला की युनिटं वाचतात, हिशेब जुळतो. दुसरं पत्र्याचं. एक पंखा, दोन दिवे. पत्रा पांढरा केला तरी पंखा रात्रभर फिरणारच, बिल तेवढंच येणार. बचत शून्य. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दुपारी तीन तास झोप लागली, ती कुठल्या रकान्यात लिहायची? ज्यानं सुख कधी वापरलंच नाही, त्यानं वाचवायचं तरी काय?

इथं जेव्हन्स आठवतो. 1865 मध्ये त्यानं कोळशावर पुस्तक लिहिलं. यंत्र सुधारलं की कोळसा वाचत नाही, उलट वापर वाढतो, हा त्याचा मुद्दा. एसीच्या घराला तो लागू पडेल, मान्य. पण गरिबाच्या घरी वापर वाढला तर त्याला उधळपट्टी म्हणू नका. ती राहून गेलेली गरज आहे.

'मग आकडे सोडायचे का?' असं कोणी विचारेल. नाही. आकडा बदला. युनिटांबरोबर रात्री दहा वाजता खोलीत किती अंश आहेत, हेही लिहा. मालक आणि भाडेकरू यांचा पेचही मांडा. छपराचा खर्च मालकाचा, उकाडा भाडेकरूचा. मग मालक कशाला हात घालेल? मदतीची योजना आखताना हा पेच आधी सोडवायला हवा. तेलंगणानं 2023 मध्ये थंड छपरांचं धोरण केलं. आपल्याकडेही तसं होऊ शकतं, पण त्यात भाड्याची खोली असली पाहिजे.

तोवर क्रम ध्यानात ठेवा: आधी पश्चिमेच्या खिडकीला सावली, मग छपराला चुना, मग पंखा. जुना पंखा 75 वॅट घेतो, नवा बीएलडीसी साधारण 30. बारा तास चालला तर रोज अर्ध्या युनिटाहून जास्त फरक. चुना पावसात धुऊन जातो, म्हणून दर फाल्गुनात पुन्हा मारायचा. घराची निगा एकदा करून संपत नाही, मंडळी.

संहिता वाईट नाही. तिनं घर मोजलं, घरात राहणारा मोजायचा राहिला. आता तुमचे प्रश्न घेऊ.