विनयभंग : मोडतं कुणाचं, बोल कुणाला?

आजचा शब्द रोज सकाळी वर्तमानपत्रात भेटतो, आणि रोज भेटतो म्हणूनच त्याच्याकडे कुणी नीट बघत नाही. शब्द आहे ‘विनयभंग’.

आधी ‘विनय’ बघू. संस्कृतात ‘नी’ म्हणजे नेणे. विनय म्हणजे वळण, शिस्त. बौद्ध भिक्षूंच्या आचारनियमांच्या ग्रंथाला विनयपिटक म्हणतात, तो याच अर्थानं. मराठीत पुढे नम्रता हा अर्थ रूढ झाला. आता ‘भंग’ लावून बघा. शिस्तभंग कोण करतो? ज्यानं शिस्त पाळायची तो. वचनभंग? ज्यानं वचन दिलं तो. मग गर्दीत एखाद्या मुलीच्या अंगाला हात लावणाऱ्यानं वळण कुणाचं सोडलं? स्वतःचंच ना! पण आपण म्हणतो, ‘तिचा विनयभंग झाला’. वागला तो वाईट आणि मोडलं मात्र तिचं काहीतरी. शेजारी ‘शीलभंग’ बसलेलाच आहे, त्यामुळे ऐकणाऱ्याच्या मनात ती काहीतरी गमावून बसल्याचा भाव आपोआप येतो.

हा शब्द कायद्यानं रुळवला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मधल्या कल्पनेला हिंदीनं ‘लज्जा भंग’ म्हटलं, मराठीनं ‘विनयभंग’. या कल्पनेची अडचण १९६६ साली सर्वोच्च न्यायालयात उघडी पडली. प्रकरण पंजाबातलं, मुलगी साडेसात महिन्यांची. एवढ्या तान्ह्या जिवाला विनय असतो का, असा प्रश्न आला! उच्च न्यायालयात हे कलम टिकलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं बहुमतानं ते लावलं. निकाल योग्यच झाला, पण तिथे पोचायला बाळाच्या विनयाची चर्चा करावी लागली. आरोपीनं काय केलं, एवढं विचारणारा शब्द असता तर ही कसरत कशाला?

२०१३ च्या दुरुस्तीनं लैंगिक छळ, पाठलाग, चोरून पाहणं किंवा चित्रण करणं यांची वेगळी कलमं आली. ही नावं कृत्याची आहेत, बाईच्या गुणाची नाहीत. तरी मूळ कल्पना राहिलीच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती कलम ७४ मध्ये आहे.

आता कुणी म्हणेल, अहो, शब्द सभ्य आहे, मुलीला घरात उच्चारता येतो. ही सोय मी नाकारत नाही. ज्या घरात अवयवांची नावंही घेत नाहीत, तिथे असा आडपडदा तक्रारीला वाट करून देतो. पण तोच आडपडदा आरोपीलाही मिळतो. बसमधला धक्का, जिन्यात धरलेला हात, ओढलेला कपडा, सगळं एकाच गुळगुळीत शब्दाखाली जातं. वाचणारा म्हणतो, ‘असेल काहीतरी किरकोळ.’

कायद्याचा शब्द बदलणं आपल्या हातात नाही. बातमीचं वाक्य मात्र आहे. ‘तरुणीचा विनयभंग’ असं छापण्याऐवजी ‘त्यानं तिचा हात धरला, तिनं विरोध केला’ असं लिहा. कर्ता वाक्यात आला की लाज कुणी वाटून घ्यायची, हे वेगळं सांगावं लागत नाही.