अडचणीविना विनोद, हसण्याविना पराक्रम

लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात मॉल झाला आणि तिथल्या पडद्यांवर हॉलिवूडचे सुपरहिरो मुक्कामाला आले. तिथून फार लांब नसलेल्या लालबागच्या भारतमाता थिएटरनं वर्षानुवर्षं मराठी चित्रपट लावले, तेही गिरणी कामगाराला परवडतील अशा तिकिटात. या दोन पडद्यांवरचे सिनेमे एकमेकांचे कुणी लागत नाहीत, असं आपण धरून चालतो. एकीकडे उडणारे, भिंती फोडणारे नायक. दुसरीकडे उधारी चुकवणारा, घरमालकाला गंडवणारा आपला माणूस. माझं म्हणणं असं, की हे दोन्ही प्रकार एकाच मुळावर वाढतात. माणूस अडचणीत सापडतो, ती त्याच्या अंगच्या बळानं सुटणारी नसते, म्हणून तो आपल्या मापाचं नसलेलं काहीतरी अंगावर घेतो: एखादं सोंग, वर्दी, मंत्र, नाहीतर वीज. ते नीट बसत नाही तेव्हा हसू येतं आणि तरीही तो ते पेलून दाखवतो तेव्हा आपण थक्क होतो. मराठी सिनेमानं अलीकडे या दोहोंची फारकत केली आहे. विनोदातून अडचण गेली, पराक्रमातून हसू गेलं, आणि नुकसान दोघांचंही झालं.

ही सांगड जुनी आहे, आणि ती याच वस्तीत बांधली गेली. दादासाहेब फाळक्यांचा स्टुडिओ दादरला होता आणि ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशनमध्ये लागला. पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये अण्णा साळुंके राम झाले आणि सीताही तेच झाले. ग्रँट रोडच्या खानावळीत काम करणारा हा माणूस एकाच चित्रपटात देव आणि देवी होतो, आणि प्रेक्षक त्याला हात जोडतो. कॅमेऱ्याच्या करामतींनी थक्क करणारा आपला पहिला दिग्दर्शक असा जवळच्या, साध्या माणसांना घेऊन काम करत होता. दादा कोंडके नायगावच्या चाळीत, गिरणी कामगाराच्या घरात वाढले. ‘विच्छा माझी पुरी करा’पासून ‘सोंगाड्या’ (१९७१) आणि ‘पांडू हवालदार’पर्यंत (१९७५) त्यांनी एकच माणूस निरनिराळ्या पेचांत टाकला: भाबडा, अर्धवट, पण समोरच्या सत्तेला न बधणारा. पांडूच्या अंगावरची खाकी त्याच्यापेक्षा मोठी आहे, आणि चित्रपटातला सगळा विनोद त्या तफावतीतून निघतो.

‘विच्छा’ वसंत सबनीसांचं, ‘सोंगाड्या’ची कथा सबनीसांची आणि ‘अशी ही बनवाबनवी’चे (१९८८) संवादही सबनीसांचेच. त्यात घरमालक विश्वास सरपोतदारांच्या भूमिकेत सुधीर जोशी आहेत. ‘बनवाबनवी’ आज पाठांतराचा विषय झाला आहे, त्यामुळे त्याची बांधणी कुणी तपासत नाही. ती तपासावी. धनंजय माने सरपोतदारांकडून मधुमेहाच्या औषधासाठी सत्तर रुपये घेतो. रक्कम ठरलेली आहे, कारण ठरलेलं आहे, आणि ते पैसे परत मिळणार नाहीत हे सरपोतदारांना कसं सांगावं हा प्रश्न खरा आहे. अशोक सराफ त्या प्रसंगात चेहरा जराही विनोदी करत नाहीत. पैशांची बातमी ते दुःखद वार्तेच्या सुरात देतात. पुढे दोन पुरुष लुगडी नेसतात, तेही हौस म्हणून नाही. लीलाबाई काळभोरांना भाडेकरू म्हणून जोडपीच हवी आहेत आणि चौघांना डोक्यावर छप्पर हवं आहे. कथानक पुण्यात घडत असलं तरी जागेची ती तंगी गिरगाव-परळच्या प्रेक्षकाला समजावून सांगावी लागली नाही. मूळ कल्पना ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटाची, हे खरंच. पण उसनी कल्पना इथल्या भाड्याच्या हिशेबात बसवली, म्हणून ती आपली झाली.

महेश कोठारेंनी हेच अद्भुताच्या बाबतीत केलं, आणि त्याचं श्रेय त्यांना समीक्षकांनी पुरेसं दिलेलं नाही. ‘धडाकेबाज’मधला (१९९०) गंगाराम बाटलीत राहणारा, चिमुकला, लक्ष्मीकांत बेर्ड्यांच्याच चेहऱ्याचा मदतनीस आहे. त्याच्याकडे शक्ती आहे, पण आकार बोटभर. ‘झपाटलेला’तल्या (१९९३) तात्या विंचूची मूळ कल्पना हॉलिवूडच्या ‘चाइल्ड्स प्ले’ची असेल, पण रामदास पाध्यांच्या हातातला तो बाहुला, त्याला दिलीप प्रभावळकरांनी दिलेला आवाज आणि समोर शब्दभ्रमकार लक्ष्या बोलके हा सगळा मामला इथला आहे. बेर्डे गिरगावातले, साहित्य संघात काम करता करता ‘टूरटूर’पर्यंत पोचलेले. भीतीनं बोबडी वळलेली असतानाही त्यांना प्रसंगाचा ताल सोडता येत नसे. बाहुला भीतिदायक वाटतो तो त्यांच्या घाबरण्यामुळे, आणि तेच घाबरणं हसवतंही. अद्भुत आणि विनोद इथे एकाच नटाच्या अंगात नांदतात.

आता अलीकडचं पाहू. ‘चला हवा येऊ द्या’ आणि ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ या कार्यक्रमांनी विनोदी नटांची एक तयार पिढी दिली. समीर चौघुले, नम्रता संभेराव, प्रसाद खांडेकर यांच्या हुकमी टायमिंगबद्दल वादच नको. अडचण प्रहसनाच्या बांधणीत आहे. दहा-पंधरा मिनिटांचं प्रहसन जिथे सुरू होतं तिथेच संपतं. त्यात कुणी खोटं बोललं तर त्याची किंमत पुढच्या आठवड्यात मोजावी लागत नाही. चित्रपटात पहिल्या अर्ध्या तासातल्या खोट्यानं शेवटच्या अर्ध्या तासात गळा धरायला हवा. ‘एकदा येऊन तर बघा’ किंवा ‘गुलकंद’ पाहताना प्रसंगाप्रसंगाला हसू येतं, पण एका प्रसंगाचं ओझं दुसऱ्यावर पडत नाही. ‘नवरा माझा नवसाचा’मध्ये (२००४) नवस फेडायचा म्हणजे भरल्या एसटीतून गणपतीपुळ्याला जायचं आणि तिथे अंगावर चिंधी नसताना उभं राहायचं. लाजेचा तो टांगता प्रश्न प्रत्येक थांब्यावर वाढत जातो. २०२४च्या दुसऱ्या भागात एसटीच्या जागी कोकण रेल्वे आली, डबा मोठा झाला, माणसं वाढली, पण लाज हलकी झाली. उलट त्याच वर्षीच्या ‘नाच गं घुमा’त प्रश्न क्षुल्लक दिसतो, कामवाली ठेवायची की काढायची, एवढाच. पण तो दोन बायकांच्या अख्ख्या दिवसाचा प्रश्न आहे, म्हणून नम्रता संभेराव तिथे प्रहसनातल्यापेक्षा कितीतरी खोल उतरते. नट तोच असताना एवढा फरक पडतो, तो लेखनामुळे.

पराक्रमाच्या बाजूला ‘बाजी’ (२०१५) हा मराठी सुपरहिरोचा जाणीवपूर्वक केलेला प्रयत्न होता. निखिल महाजनांनी घोडेस्वार, मुखवटाधारी रक्षक उभा केला आणि श्रेयस तळपदेला त्यात घातलं. हिंमत दाद देण्याजोगी होती. पण ते गाव कुठलंही असू शकलं असतं. तिथला माणूस सकाळी उठून कशाची काळजी करतो हे कळत नाही, त्यामुळे मुखवट्यामागचा चेहराही ओळखीचा होत नाही. ‘बाजी’नंतर ती जागा ऐतिहासिक चित्रपटांनी घेतली. ‘फर्जंद’पासून ‘पावनखिंड’, ‘सुभेदार’पर्यंत दिग्पाल लांजेकरांनी मोठा प्रेक्षक परत थिएटरात आणला, हे काम लहान नाही. शिवकालाबद्दलच्या श्रद्धेशीही माझं भांडण नाही. आक्षेप मांडणीला आहे: एकटा वीर, चहूबाजूंनी शत्रू, संथ गतीतला दांडपट्टा, वाढत जाणारं पार्श्वसंगीत. ही मांडणी हॉलिवूडच्या सुपरहिरोपटाची आहे, आणि तिच्यात माणूस पहिल्या चौकटीपासून पुतळा असतो. पन्हाळ्याच्या वेढ्यातच, १६६० साली, शिवा काशीद महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसला. नाभिक समाजातला एक साधा माणूस, त्याच्या अंगावर राजाचा जिरेटोप आणि पुढे ठाऊक असलेला मृत्यू. तो पालखीत कसा बसला असेल, शत्रूच्या छावणीत राजासारखं बोलताना कुठे अडखळला असेल, भोयांशी काय बोलला असेल, यावर अख्खा चित्रपट उभा राहू शकतो. आपण त्याला काही प्रसंगांत वंदन करून खिंडीकडे वळतो.

यावर पहिला आक्षेप पैशांचा येतो: मराठीचं बजेट ते केवढं, सुपरहिरो परवडणार कसा? मल्याळममध्ये बेसिल जोसेफनं ‘मिन्नल मुरली’ (२०२१) केला. त्यातला नायक गावातला शिंपी, अमेरिकेला जायला निघालेला. वीज त्याच्यावर पडते तशी चहाच्या टपरीवरच्या एका उपेक्षित माणसावरही पडते. दोघांच्या दुःखाचं वजन सारखं, म्हणून खलनायकासाठीही डोळे भरून येतात. तेलुगूतल्या ‘हनु-मान’नंही (२०२४) मोठ्या हिंदी चित्रपटांच्या मानानं बेताच्या खर्चात देशभरचा प्रेक्षक मिळवला. आणि तात्या विंचूला किती खर्च आला असेल? दुसरा आक्षेप पडद्यांचा. तो खरा आहे. ‘सोंगाड्या’साठी दादरच्या कोहिनूरबाहेर शिवसैनिकांना उतरावं लागलं होतं, आणि २०१५ साली सरकारला मल्टिप्लेक्समधल्या मराठी खेळांच्या वेळांत लक्ष घालावं लागलं. पण पडदा मिळाल्यावर काय दाखवायचं, हा प्रश्न त्यानं सुटत नाही.

तिसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लोक दमून येतात, त्यांना दोन घटका विरंगुळा हवा असतो. ‘झिम्मा’ आणि ‘बाईपण भारी देवा’ यांचं यश हेच सांगतं, असं म्हटलं जातं. मला त्या यशाचा अर्थ निराळा दिसतो. ‘बाईपण’मधल्या सहा बहिणींमध्ये अबोला आहे, मत्सर आहे, न फिटलेल्या तक्रारी आहेत. मंगळागौरीची स्पर्धा त्यांना नाइलाजानं एकत्र आणते. बायकांचे जथे त्या चित्रपटाला गेले ते ही अडचण ओळखीची वाटली म्हणून. शेवटी सगळं फार लवकर गोड होतं, ही त्याची मर्यादा. पण पाया खरा आहे. माझ्या मांडणीला खरं आव्हान देतो तो ‘भावेश जोशी सुपरहीरो’ (२०१८). विक्रमादित्य मोटवानेच्या या हिंदी चित्रपटात मुंबई आहे, पाण्याचे माफिया आहेत, कागदी पिशव्या डोक्यावर घालून बेशिस्तांना जाब विचारणारी पोरं आहेत. म्हणजे अडचण आहे, पत्ता आहे, तरी तो चालला नाही. कारण पिशवी उतरून मुखवटा चढतो त्या क्षणी चित्रपट हसणं विसरतो आणि उरलेला वेळ सूडाच्या अंधारात काढतो. पिशवीतला पोरगा आपला होता. मुखवट्यातला आपल्यापासून दूर गेला.

आणखी एक म्हणणं असं, की ती वस्तीच आता उरली नाही. १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले, दामोदर नाट्यगृहाचा पडदाही २०२३ मध्ये पुनर्विकासासाठी पडला. मग कोंडक्यांचा माणूस आणायचा कुठून? पण पुनर्विकास हाच आजचा सर्वांत मोठा पेच आहे. ट्रान्झिट कॅम्पात अडकलेलं कुटुंब, सोसायटीच्या सभेतली सह्यांची लढाई, पंचविसाव्या मजल्यावर पाण्याचा दाब नसलेला नळ, परळ-लालबागच्या कारखान्यांत वीस फुटी गणपती घडवणारे आणि स्वतः दहा बाय दहात झोपणारे कारागीर. जयंत पवारांच्या कथांनी या गिरणगावातलं अद्भुत केव्हाच दाखवलं आहे. आदित्य सरपोतदारच्या ‘झोंबिवली’नं (२०२२) डोंबिवलीत टॉवर आणि वस्ती यांच्यातल्या पाण्यावरून झोंबी उठवले. चित्रपट मध्येच सैल होतो, तरी दिशा अचूक होती. त्याच दिग्दर्शकाचा कोकणातला ‘मुंज्या’ मात्र हिंदीत झाला. ‘स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’नं (२०२३) तर मुंबई आणि मॅनहॅटन मिसळून नवं शहर रचलं, गर्दीतून झोके घेणारा भारतीय पोरगा त्यात सोडला, आणि तो चित्रपट मराठीत डब होऊनही आला.

२०२५ मध्ये ही तुटलेली सांगड दोनदा जुळलेली दिसली. ‘दशावतार’मध्ये ऐंशी ओलांडलेले प्रभावळकर नजर मंदावत चाललेला दशावतारी कलावंत झाले. आयुष्यभर रंगमंचावर घेतलेले अवतार हा म्हातारा अन्यायाविरुद्ध रानात उतरवतो. संदेश काही ठिकाणी फार मोठ्यानं सांगितला जातो. पण थरथरणारं शरीर आणि त्यावरचा देवाचा रंग यांच्यातली तफावत प्रभावळकर क्षणभरही सुटू देत नाहीत, आणि मराठी सुपरहिरो म्हणावा असा हाच. दुसरा चित्रपट ‘गुलकंद’च्याच दिवशी, १ मे रोजी आलेला शिवराज वायचळचा ‘आता थांबायचं नाय!’. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार उतारवयात दहावीला बसतात, एवढंच कथानक, तेही खऱ्या घटनेवरून घेतलेलं. गटारात उतरणारा माणूस बीजगणिताला घाबरतो, आणि भरत जाधव, सिद्धार्थ जाधव यांची सगळी विनोदबुद्धी त्या भीतीच्या कामी येते.

निर्मात्यांना एवढंच सांगणं आहे, की दूरचित्रवाणीवरचे चेहरे करारबद्ध करण्याआधी सबनीसांच्या ताकदीचा लेखक शोधा, त्याला वर्षभराचे पैसे द्या आणि लालबाग-परळच्या एखाद्या पुनर्विकास समितीच्या सभांना बसवा. आणि वाचकहो, ‘आता थांबायचं नाय!’सारखा चित्रपट लागेल तेव्हा ओटीटीवर येण्याची वाट पाहू नका. पहिल्याच आठवड्यात तिकीट काढा, कारण दुसऱ्या आठवड्यात त्याचा खेळ राहील की नाही हे त्यावरच ठरतं.