दूरसंचार सायबर सुरक्षा नियम, २०२४ : एक चिकित्सा

बारामती तालुक्यातील वडगाव निंबाळकर हे नीरा डाव्या कालव्याच्या परिसरातील गाव. कालवा फुटला तर ते डोळ्यांना दिसते. शेतकऱ्यास ते कोणी सांगावे लागत नाही. इंटरनेटची सेवा खंडित झाली असता मात्र ग्राहकास काहीच दिसत नाही. केबल तुटली, की कोणी बुद्ध्या आघात केला, हे सेवादात्यासच कळू शकते. केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२४ रोजी प्रसिद्ध केलेल्या नियमांची परीक्षा या दृष्टीने व्हावयास हवी.

सुरक्षेस बाध आणणारी घटना ध्यानात आल्यापासून सहा तासांच्या आत सेवादात्याने सरकारला वर्दी द्यावी आणि चोवीस तासांच्या आत बाधित ग्राहकांची संख्या, कालावधी, क्षेत्र व योजलेले उपाय कळवावेत, असे हे नियम सांगतात. ही तरतूद निःसंशय स्वागतार्ह आहे. जुलै २०१६ मध्ये मुंबईतील काही सेवादात्यांच्या यंत्रणेवर निरर्थक मागण्यांचा असा लोंढा सोडण्यात आला, की खऱ्या ग्राहकांचीच वाट अडली. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. अशा आघातास एकटादुकटा सेवादाता पुरा पडत नाही. लोंढा त्याच्या दारी येण्यापूर्वी, वरच्या जाळ्यातच अडवावा लागतो, आणि त्यासाठी इतरांस वेळीच कळणे अगत्याचे असते.

परंतु धोक्याचा दुसराही एक प्रकार आहे. जुलै २०१७ मध्ये कर्नाटकात भारत संचार निगमच्या ग्राहकांकडील सुमारे ६०,००० मोडेमना घातक प्रणालीची बाधा झाली. ज्या मोडेमचा मूळचा परवलीचा शब्द कधी बदललाच गेला नव्हता, ते तिला बळी पडले. येथे फट मुख्य केंद्रात नव्हती, ग्राहकाच्या घरात होती. आणि ती बुजविण्याचा उपायही बव्हंशी त्याच्याच हाती होता. मात्र त्यास तो कोणी सांगावयास हवा.

नेमके येथेच हे नियम उणे पडतात. लोकहितार्थ आवश्यक वाटल्यास सरकार घटना जाहीर करू शकते, किंवा सेवादात्यास तसे करावयास लावू शकते. आपण होऊन ग्राहकास कळविण्याचे बंधन मात्र वर्दीच्या नियमात घातलेले नाही. ग्राहकाची मोजदाद होते, त्याच्याशी बोलणे होत नाही.

अशा प्रकटनाने आघात करणारासच साह्य होईल, असा आक्षेप घेतला जाईल. तो सर्वस्वी निराधार नाही. तथापि आघात कोणत्या वाटेने झाला हे सांगणे वेगळे, आणि सेवा केव्हापासून बंद आहे व ग्राहकाने काय करावे हे सांगणे वेगळे. पहिले गुप्त राहावे. दुसरे गुप्त ठेवल्यास वडगावचा दुकानदार अडकलेल्या पैशांसाठी आपल्याच फोनला दोष देत बसेल आणि त्याचा मोडेम तसाच उघडा राहील.

म्हणून सूचना करणे ही सेवादात्याची सौजन्याची बाब नव्हे. ती सुरक्षेचेच एक अंग होय. वर्दीस जशी सहा तासांची मुदत आहे, तशीच मुदत ग्राहकास त्याच्या भाषेत कळविण्यासही असावी. एवढी दुरुस्ती झाल्याखेरीज हे नियम पूर्ण म्हणता येणार नाहीत.