पाठभेद आणि प्रोग्रॅम

डिजिटल मानव्यविद्येच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत साधनांचा भरणा मोठा असतो. पायथन, नकाशे, संबंधांचे आलेख, शब्दगणना हे सगळे शिकवले जाते. पण ज्या मजकुरावर ही साधने चालवायची तो कसा सिद्ध करायचा, हे बहुधा एखाद्या तासिकेत उरकले जाते. या विद्याशाखेचे आजचे मुख्य दुखणे हेच आहे, आणि भारतीय भाषांत काम करणाऱ्या विद्यार्थ्याला ते सर्वांत जास्त जाचते.

या शाखेचा उगमच संहितेच्या अभ्यासात आहे. इटलीचे जेझुइट पाद्री रॉबर्टो बुसा १९४९ मध्ये आयबीएमच्या थॉमस वॉटसन यांना भेटले, ते थॉमस अक्वायनसच्या लॅटिन ग्रंथांची शब्दसूची करण्यासाठी मदत मागायला. सुमारे १ कोटी १० लाख शब्दांची ही सूची ५६ खंडांत छापून व्हायला १९८० साल उजाडले. गॅलाराते गावात पंचकार्डांवर हा मजकूर उतरवणाऱ्या तरुण मुलींची नावे मात्र अलीकडच्या संशोधनामुळेच पुढे आली. २००४ मधल्या एका मोठ्या संदर्भग्रंथाने ‘डिजिटल मानव्यविद्या’ हे नाव रूढ केले, लंडनच्या किंग्ज कॉलेजात स्वतंत्र विभाग उभा राहिला आणि भारतातही जादवपूर विद्यापीठ, आयआयटी जोधपूर अशा ठिकाणी पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले.

यांत जादवपूरचे काम मला सर्वांत भक्कम वाटते. २०१३ मध्ये खुल्या झालेल्या ‘विचित्रा’ संकेतस्थळावर रवींद्रनाथांची हस्तलिखिते आणि छापील आवृत्त्या मिळून लाखाहून अधिक पाने आहेत. ‘प्रभेद’ नावाचा प्रोग्रॅम दोन पाठ शेजारी ठेवून थेट शब्दापर्यंतचा फरक दाखवतो. असा प्रोग्रॅम लिहायला बंगाली संहितेची जाण आणि संगणकाची जाण एका छताखाली नांदावी लागते. तशी ती तिथे नांदली, म्हणून हे काम टिकाऊ झाले.

महाराष्ट्रात तर या विद्येची पूर्वपीठिका संगणकाच्याही आधीची आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ मध्ये पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकर १९२५ पासून १९४३ मध्ये निधन होईपर्यंत तिचे प्रमुख संपादक होते. त्यांनी घालून दिलेली पद्धत आजच्या विद्यार्थ्याने मुळातून पाहावी. उभ्या-आडव्या रेघा आखलेल्या फुलस्केप कागदावर श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत लिहायचे. खाली प्रत्येक पोथीसाठी एक ओळ, आणि पोथीतले अक्षर वेगळे असेल तिथे त्या रकान्यात नोंद. हा सरळसरळ विदातक्ता आहे, फक्त हाताने भरलेला.

त्याहून मोलाची गोष्ट छापील पानावर आहे. संपादकाला जिथे पाठाची पुरती खात्री नव्हती, तिथे त्या शब्दांखाली नागमोडी रेषा आहे. आमचा निर्णय इथे डळमळीत आहे, हे वाचकाला उघड सांगितलेले आहे. पुढे क्योटोच्या मुनेओ तोकुनागा यांनी ही संहिता संगणकावर उतरवली, केंब्रिजच्या जॉन स्मिथ यांनी ती तपासून सुधारली, आणि जगभरच्या अभ्यासकांची मोठी सोय झाली. पण नुसती अक्षरे टंकलेल्या कोणत्याही फाइलीत नागमोडी रेषेला जागा नसते. ती जागा करून देण्यासाठीच १९८७ पासून टीईआय ही खुणांची पद्धत घडत आली आहे. पाठभेद कोणता, तो कोणत्या पोथीतला, संपादकाला खात्री किती, हे सगळे तिच्यात यंत्राला कळेल असे नोंदवता येते. पदव्युत्तर शिक्षणाचा गाभा हा असायला हवा.

मोडीचे उदाहरण घ्या. २०१४ मध्ये मोडीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले. आता पेशवे दप्तरातले रुमाल, म्हणजे कागदांचे गठ्ठे, यंत्राकडून वाचून घ्यावेत, अशी उमेद वाढते आहे आणि ती रास्त आहे. पण मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळला जात नाही आणि शब्द तोडून लिहिलेले नसतात. बाळबोधीत उतरवताना लिप्यंतरकार प्रत्येक ओळीत निर्णय घेत असतो. ते निर्णय नोंदवले नाहीत, तर त्यांवर शिकलेले यंत्र लिप्यंतरकाराच्या शंकांनाही निश्चितीचे रूप देईल. मग त्या मजकुरावर काढलेले देखणे आलेख कशाच्या आधारावर उभे आहेत, हे कोणालाच सांगता येणार नाही.

हे काम विद्यार्थी का करत नाहीत, याचे उत्तर पदवीच्या व्यवस्थेत आहे. दोन वर्षे खपून एखादी बखर पाठभेदांसह डिजिटल रूपात सिद्ध केली तरी ते ‘पूर्वतयारी’ गणले जाते. प्रबंध म्हणून वेगळे विवेचन मागितले जाते. टंकन, तपासणी, खुणा करणे हे हाताखालच्यांचे काम, ही समजूत बुसांच्या काळापासून चालत आली आहे. वास्तविक संपादन हे संशोधनच आहे आणि महाभारताच्या आवृत्तीने ते जगाला दाखवून दिले आहे.

म्हणून पुणे, मुंबई, कोल्हापूर, नागपूरच्या मराठी आणि इतिहास विभागांनी संगणकशास्त्र विभागांशी हात मिळवावा. पहिल्या सत्रात मोडी, पोथीवाचन आणि पाठचिकित्सा. प्रोग्रॅमिंग त्याच्या जोडीने, त्याच मजकुरावर. आणि एका बखरीची किंवा एका रुमालाची पाठभेदांसह, शंकास्थळांसह केलेली खुली डिजिटल आवृत्ती पदवीसाठी पूर्ण प्रबंध म्हणून स्वीकारावी. एवढा एक नियम बदलला, तरी दहा वर्षांत मराठीपाशी विश्वासाने वापरता येईल असा मजकूर साठलेला असेल, आणि तो घडवणाऱ्यांची नावे त्यावर असतील.