ह्याला तर करमतंय की!

आजोबांना डिमेन्शिया झालाय, हे आमच्या घरात डॉक्टरांच्या आधी मी ठरवलं होतं. पुरावा म्हणून माझ्याकडे एक सिनेमा होता.

आजी गेल्यावर सात-आठ महिन्यांत ते गप्प होत गेले. पेपर उघडायचे आणि तेच पान धरून बसायचे. गॅसवर दूध ठेवलेलं विसरायचे. सोसायटीतल्या ज्या माणसाबरोबर वीस वर्षं सकाळी फिरायला जात होते, त्याचं नाव विचारलं तर "नाही आठवत" म्हणून भिंतीकडे बघत बसायचे. मी तोवर 'अस्तु' दोनदा पाहिला होता. मोहन आगाशे रस्त्यावरच्या हत्तीमागे चालत निघून जातात, ते डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी फॅमिली ग्रुपवर लिहिलं, 'दाराला वरची कडी लावत जा.' खरं तर आजोबा कुठेही निघून जाणार नव्हते. ते गॅलरीतसुद्धा जात नव्हते.

'अस्तु' (2013) हा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा सिनेमा मला आजही मोठा वाटतो, हे आधी सांगून टाकते. संस्कृतचे गाढे पंडित असलेले चक्रपाणी शास्त्री मुलीबरोबर गाडीतून चाललेले असतात. मुलगी, इरा, काही घ्यायला दुकानात जाते. परत येते तर गाडी रिकामी. शास्त्री हत्तीमागे गेलेले असतात. मग एकीकडे मुलीची शोधाशोध आणि दुसरीकडे माहुताच्या बायकोने, चन्नम्माने, या अनोळखी म्हाताऱ्याला लेकरासारखं सांभाळणं. ते तिला आई समजायला लागतात. अमृता सुभाषला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि कुठल्याही पुरस्काराबद्दल सहसा मी जे म्हणत नाही ते इथे म्हणते: तो मिळायलाच हवा होता.

सिनेमाचं म्हणणं त्याच्या नावातच आहे. अस्तु. असो, असू दे. आयुष्यभर साठवलेली विद्या, नाव, नाती गळून पडल्यावर जो माणूस उरतो, तो केविलवाणाच असेल असं नाही. हत्ती बघून त्याचा चेहरा उजळतो. हा विचार सुंदर आहे. आपल्याकडे स्मृतिभ्रंशाची ओळख 'साठी बुद्धी नाठी' आणि 'म्हातारचळ' या दोन शब्दांपलीकडे फारशी जात नव्हती. तिथे या सिनेमाने घरोघरच्या मुलींना सांगितलं की हा आजार आहे आणि चिडून उपयोग नाही. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. त्यामुळे त्या भूमिकेत 'वेड लागल्याचा' अभिनय औषधालाही नाही.

पण एक सिनेमा आपल्याला बघायला शिकवतो, तेव्हा काय बघायचं नाही हेही नकळत शिकवतो. 'अस्तु'ने मला शिकवलं की गप्प झालेला, विसरणारा म्हातारा म्हणजे डिमेन्शिया.

आम्ही ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आजोबांना वार विचारला. आजोबा म्हणाले, "काय करायचंय वार कळून?" तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. "नाही येणार मला." प्रयत्नच नाही. बाहेर आल्यावर डॉक्टर आईला म्हणाले की विसरण्याची तक्रार कोण करतं याकडे बघा. डिमेन्शियात बहुतेकदा घरचे तक्रार करतात. माणूस स्वतः सावरून घेतो, काहीतरी जुळवून उत्तर देतो, वेळ मारून नेतो. नैराश्यातला म्हातारा स्वतःच सांगतो की माझं डोकं चालत नाही, आणि उत्तर शोधायला जातच नाही. अर्थात ही काही पक्की परीक्षा नव्हे, आणि दोन्ही एकाच माणसात असू शकतात. थायरॉइड आणि बी-12 बघितल्याशिवाय तर काहीच बोलू नये. त्यांनी रक्त तपासायला दिलं, कानही तपासून घ्यायला सांगितले.

नैराश्याने येणाऱ्या या विसरभोळेपणाला 'स्यूडोडिमेन्शिया', म्हणजे आभासी स्मृतिभ्रंश, असं नाव आहे. लेस्ली किलो या मानसोपचारतज्ज्ञाच्या 1961च्या लेखाने ते रूढ केलं. आजचे डॉक्टर हा शब्द थोडा हात राखून वापरतात, कारण त्यातला 'आभासी' फसवा आहे. उपचारांनी मन वर आलं की स्मरण पुष्कळदा सुधारतं. पण अशा काही माणसांना पुढे खरा डिमेन्शिया होतोच. लंडनमधल्या दहा हजारांहून जास्त सरकारी नोकरांचा 28 वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास 2017मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना पुढे डिमेन्शिया झाला, त्यांच्यात नैराश्याची लक्षणं निदानाच्या सुमारे 11 वर्षं आधीपासून इतरांपेक्षा वाढू लागलेली दिसली. म्हणजे काही जणांच्या बाबतीत उदासी ही विसरण्याची पहिली चाहूल असते. दुसरीकडे, 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञगटाने डिमेन्शियाची जी टाळता येण्याजोगी कारणं काढली आहेत (2024च्या अहवालात ती 14 आहेत), त्यांत नैराश्यही आहे. चाहूल की कारण, हा वाद अजून मिटलेला नाही. घरातल्या माणसाला मात्र त्यातून एकच गोष्ट कळायला हवी: म्हाताऱ्याच्या उदासीकडे बघायचं असतं.

आणि इथे मराठी सिनेमा-नाटक आपल्याला एकटं सोडतं, ही माझी तक्रार आहे.

भावे-सुकथनकरांनीच नैराश्यावरही सिनेमा केला. 'कासव' (2016). सुवर्णकमळ मिळालेला. तिथे नैराश्य कोणाला आहे? आलोक राजवाडेने केलेल्या तरुण मुलाला, आणि त्याला आसरा देणाऱ्या जानकीला. जानकी झालीय इरावती हर्षे. 'अस्तु'मधली मुलगीही तीच. मोहन आगाशे दोन्हीकडे आहेत. एका सिनेमात ते स्मृती हरवलेले शास्त्री, तर दुसऱ्यात कोकणच्या किनाऱ्यावर कासवांची अंडी जपणारे शांत, शहाणे दत्ताभाऊ. दोन सिनेमे शेजारी ठेवले की वाटणी स्पष्ट दिसते. विसरायचं म्हाताऱ्यांनी, उदास व्हायचं तरुणांनी. म्हातारा एकतर हरवलेला असतो, नाहीतर शहाणा. सत्तरीतल्या माणसाला सकाळी उठावंसंच वाटत नाही, ही गोष्ट या दोन्ही सिनेमांत बसत नाही. (इन्स्टावरही बघा. 'मेंटल हेल्थ'च्या पोस्टवर कायम हुडी घातलेली पंचविशीतली मुलगी खिडकीत बसलेली. धोतर नेसलेला माणूस मी अजून एकदाही पाहिला नाही.)

मग 'नटसम्राट'? वि. वा. शिरवाडकरांचे अप्पासाहेब बेलवलकर 1970पासून रंगमंचावर म्हातारपणाचं दुःखच तर सांगताहेत. घर गेलं, मुलांनी अपमान केला, कावेरी गेली, माणूस फुटपाथवर आला. आज डॉक्टरकडे नेलं तर त्यांच्या फायलीवर काय लिहिलं जाईल, हा प्रश्न नाटकाला विचारणं गैर आहे. किंग लिअरची सावली असलेली ती शोकांतिका आहे, केसपेपर नव्हे. पण तिचा आपल्यावर झालेला परिणाम विचारात घ्यायला हरकत नाही. अप्पासाहेबांचं दुःख बोलतं. स्वगतं म्हणतं, टाळ्या घेतं. त्याला कारण आहे आणि ते कारण म्हणजे कृतघ्न मुलं. म्हाताऱ्याच्या दुःखाची हीच एक गोष्ट आपण पन्नास वर्षं ऐकत आलो. त्यामुळे जिथे मुलं बरी आहेत, पेन्शन आहे, औषधं वेळेवर मिळतात, तिथे म्हातारा दुःखी असूच कसा शकतो? आमच्या घरात हेच झालं. आईला 'तुमच्या वडिलांना डिप्रेशन आहे' हे वाक्य आरोपासारखं लागलं. "आम्ही काय कमी केलं त्यांचं?" त्यापेक्षा डिमेन्शिया तिला सोपा होता. त्यात कोणाची चूक नसते.

बरं, म्हातारी माणसं सांगत नाहीत असंही नाही. आजोबा सांगत होते. 'मी उदास आहे' हे त्यांच्या पिढीचं वाक्य नव्हे, ते कवितेत असतं. ते म्हणत होते, अन्न गोड लागत नाही. पहाटे तीनला जाग येते. छातीत धडधडतं. आता काय राहिलंय. आणि रोज, अगदी रोज, "करमत नाही." आम्ही याचं उत्तर काय दिलं? मामाने नवा टीव्ही आणला. 'करमत नाही' याचा अर्थ आम्ही कंटाळा असा घेतला. 'देवाने आता उचलावं' याला तर आम्ही हसायचो. ते वाक्य म्हाताऱ्यांच्या तोंडी शोभतं, असं आपण धरून चालतो. तेच माझ्या वयाच्या कोणी म्हटलं असतं तर घर हादरलं असतं.

उपचार सुरू झाले. पहिले तीन-चार आठवडे काहीच नाही, आणि आईने दोनदा गोळ्या बंद करायची भाषा केली. मग एक दिवस आजोबांनी पेपरातल्या मथळ्याची चूक काढली. कानाचं यंत्र आलं, फिरायला जाणं सुरू झालं. त्या मित्राचं नावही आलं. नाव विसरलंच नव्हतं, ते म्हणाले, घ्यायला जीवच होत नव्हता.

त्या सुमारास मी त्यांना 'अस्तु' दाखवला. लॅपटॉपवर, दोन दुपारी मिळून. मला वाटलं होतं त्यांना त्रास होईल. शास्त्री हत्तीपाशी येतात तिथे ते पुढे वाकले. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याला तर करमतंय की!"

इतक्या परीक्षणांत मला हे वाचायला मिळालं नव्हतं. शास्त्रींचं काय काय गेलंय याची यादी आपण करतो. आजोबांना त्यांच्याकडे जे होतं ते दिसलं. स्वतःकडे सगळं होतं, घर, नातवंडं, तारीख-वार, तेव्हा नेमकं तेच नव्हतं. 'अस्तु'वरची माझी तक्रार तिथे नीट शब्दांत आली. विसरणं म्हणजे सुटका, असं सिनेमा फार लवकर मान्य करतो. त्या आधीची वर्षं तो दाखवतो ती विद्वत्तेची, संसाराची, मुलींची. स्मरण निसटतंय हे स्वतःला कळत असतानाच्या भकास दुपारी त्यात फारशा नाहीत. सिनेमातलं दुःख जवळजवळ सगळं इराच्या वाट्याला येतं. काळजीवाहू मुलीचं अपराधीपण भावेंनी नेमकं पकडलंय. पण त्या बदल्यात बाप दुःखातून मोकळा झालाय.

दोन वर्षं बरी गेली. या गणपतीत आजोबांनी मला माझ्या मावशीच्या नावाने हाक मारली. मी दुरुस्त केलं तर हसले आणि म्हणाले, "तेच ते, तुझीच परीक्षा घेत होतो." छान जुळवून घेतलं होतं. आई स्वयंपाकघरातून माझ्याकडे बघत होती. त्या रात्री मी पुढच्या आठवड्याची अपॉइंटमेंट घेतली, आणि दाराच्या वरच्या कडीचं ग्रुपवर काहीच लिहिलं नाही.