‘एवढासा वायू’ : दोन युक्तिवादांची तपासणी



कार्बन डायऑक्साइडचा विषय निघाला की हिंगोली, वसमत, औंढा या भागांत दोन युक्तिवाद आम्हाला हमखास ऐकू येतात. ते मांडणारी माणसं शिकलेली असतात. म्हणून हसून सोडून न देता ते तपासायला हवेत.

पहिला युक्तिवाद : ‘हवेत हा वायू जेमतेम ०.०४ टक्के. एवढ्याशाने काय होणार?’ आकडा बरोबर आहे. पण न्यायशास्त्र विचारतं, हेतू साध्याशी बांधलेला आहे का? ‘थोडं असणं’ हा धर्म निरुपद्रवी वस्तूंत सापडतो, तसाच परिणामकारक वस्तूंतही. चमचाभर विरजण पातेलंभर दूध बदलून टाकतं. अशा हेतूला अनैकांतिक म्हणतात. त्यातून काहीच सिद्ध होत नाही. गंमत बघा, औंढ्याजवळ चार-चार किलोमीटर भुजांची लायगो वेधशाळा होते आहे. ती प्रोटॉनच्या आकाराहूनही लहान फरक टिपणार, याचा आपल्याला अभिमान. आणि इथे मात्र ‘एवढंसं’!

अर्थात, विरजणाच्या दाखल्याने वायू दोषी ठरत नाही. त्यासाठी कारण दाखवावं लागतं. ते जॉन टिंडल यांनी १८५९ मध्ये प्रयोगातून दाखवलं. कोरड्या हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजनचा. ते जमिनीची उष्णता जाऊ देतात. अडवतात ती पाण्याची वाफ, हा वायू आणि असे थोडेच. कारखानदारीपूर्वी दहा लाख भागांत हा वायू सुमारे २८० भाग होता. १९५८ मध्ये चार्ल्स कीलिंग यांनी हवाईतील मौना लोआवर मोजणी सुरू केली तेव्हा ३१५च्या आसपास होता. आज ४२०च्या वर आहे. म्हणजे दीडपट. आपल्याकडे गोव्यात काबो द राम इथे १९९३ पासून काही वर्षे नमुने घेतले गेले, पुढे सिंहगडावरही मोजणी झाली. हवा सगळीकडे मिसळते, तिला जिल्ह्याची शीव नाही.

दुसरा युक्तिवाद : ‘हे तर पिकांचं अन्न. वाढलं तर चांगलंच.’ यात अर्धं सत्य आहे. सोयाबीनला जादा वायूचा लाभ होतो. ज्वारीला, पाणी पुरेसं असेल तर, फारसा नाही. पण ‘जिथे अग्नी तिथे धूर’ हे विधान ओल्या इंधनाच्या अटीवरच खरं, हे नैयायिकांनी सांगून ठेवलंय. त्या लपलेल्या अटीला ते उपाधी म्हणतात. इथली उपाधी कोणती? पाणी वेळेवर मिळावं, उष्णता मर्यादेत राहावी. आणि नेमकी हीच अट तो वायू बिघडवतो. फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली, तर हवेतल्या अन्नाने शेंग भरत नाही. शिवाय अशा हवेतल्या सोयाबीनच्या दाण्यात लोह आणि जस्त घटतं, असं प्रयोगांत दिसलं आहे.

मग आमचा आग्रह कशासाठी? हिंगोलीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हा वायू फारसा सोडलेला नाही. भोगायचं मात्र त्यालाच आहे. ज्यांनी सोडला त्यांच्याकडे न्याय मागण्याचा त्याला हक्क आहे. पण वायू निरुपद्रवीच आहे असं आपणच म्हणालो, तर दावा कशाचा करणार? चुकीच्या युक्तिवादाने वायू घटत नाही, आपली बाजू तेवढी घटते.