मैना कोणाची?

अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीला प्रस्थापित समीक्षेने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यापुरते कोंडून ठेवले. तिला बेळगाव, कारवार दिसले. पोटामागे मुंबईस आलेला, बायकोच्या आठवणीने झुरणारा माणूस दिसला नाही. मराठी अस्मितेचा हा जाहीरनामा एका स्थलांतरिताच्या तोंडचा आहे. आणि कवी वाटेगावच्या मांगवाड्यातून पायी मुंबई गाठलेला. मला हीच गोष्ट निर्णायक वाटते.

आज ‘भूमिपुत्र’ हा शब्द पिंपरी-चिंचवडात सर्रास ऐकू येतो. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना पिंपरीत छावणी मिळाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग इतर कारखाने, मराठवाड्यातले दुष्काळग्रस्त. आता चाकणला बिहार-उत्तर प्रदेशचे कंत्राटी कामगार. मग भूमिपुत्र कोण? सातबारावर नाव असलेला म्हणे! ज्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेरची जागा आली, तो या शब्दात कुठे बसतो?

भाषिक राज्यात सत्ता मोठ्या जातीकडे जाते आणि लहान जाती भरडल्या जातात, हे बाबासाहेबांनी १९५५ सालीच बजावले होते. आमचेही काही कवी तो शब्द मिरवतात, याचे मला नवल वाटते. चाकणच्या खोलीत आठजणांत झोपणाऱ्या बिहारी चर्मकाराचीही मैना गावावरच राहिली आहे. तिची मराठी कविता माझ्या वाचनात अजून आलेली नाही.